नाचायच्या जागेवर खुर्च्या

"मला समोर पाय दिसले पाहिजेत, तोंडं नाही दिसली तरी चालतील."

एर्विन स्टासनी हे एकदा रेडिओवरच्या मुलाखतीत म्हणाला, आणि मुलाखत घेणारा हसला. एर्विन विनोद करत नव्हता. तीसेक वर्षं मी त्याच्या मागे बसून ड्रम वाजवले, म्हणून मला ठाऊक आहे. गाताना त्याची नजर हॅटच्या कडेखालून सतत खाली असायची, नाचणाऱ्यांच्या बुटांवर. म्हातारी जोडपी घासत चालायला लागली की तो लय सैल सोडायचा, तरण्यांचे पाय मोकळे झाले की वाढवायचा. मागे वळून मला कधी सांगायचा नाही. उजवी टाच फळीवर जरा जास्त दाबायचा, बस. त्या टाचेकडे बघत माझं आयुष्य गेलं. त्याच्या चेहऱ्यापेक्षा मला ती टाच जास्त ओळखीची आहे.

आमचा हॉल आठ कोनांचा आहे, लाकडाचा. चारी बाजूंनी गवताची कुरणं, जवळ चर्च, चर्चमागे थडगी. मोरावियाहून बोटीने आलेल्या आमच्या पणज्यांनी घरं बांधण्याआधी हा हॉल बांधला असं म्हणतात. खरं असावं, कारण घरं पडली आणि हॉल उभा आहे. भिंतीकडेने बाकं. त्यांवर बायका, म्हातारे, झोपलेली पोरं. मधली जमीन नाचायची. शनिवारी दुपारी कुणीतरी तिच्यावर मक्याचं पीठ भुरभुरवतं, म्हणजे बूट छान सरकतात. त्या मोकळ्या जागेत नाचणाऱ्याखेरीज कुणी थांबत नाही. तिथे थांबून गप्पा मारणाऱ्याला धक्का लागतो, आणि धक्का देणारा माफी मागत नाही.

तरुणपणी एर्विनला नॅशव्हिलला, रेकॉर्ड कंपन्यांच्या शहरात, नेलं, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याचं आडनाव कापून 'स्टॅसी' केलं. एर्व स्टॅसी. रेकॉर्ड खपल्या. मग खपेनाशा झाल्या. तो परत आला, गाई पाळल्या, शनिवारी हॉलमध्ये गायला लागला. त्याला कुणी दुःखी समजू नये. आमच्या जुन्या भाषेत त्याच्या आडनावाचा अर्थ 'सुखी' असा आहे, आणि तो बऱ्यापैकी तसा होता. एकच गोष्ट त्याच्या मनात राहिली होती. त्याच्या वॉल्ट्झची.

तो वॉल्ट्झ त्याने ऍग्नेससाठी, आपल्या बायकोसाठी, केला होता, लग्नाआधी. त्या शनिवारी त्याची गाय व्यायला आली आणि वासरू अडलं. तो पोचला तेव्हा हॉलचा शेवटचा नाच सुरू होणार होता आणि दार लावून घेत होते. ऍग्नेस दारात पाय घालून उभी होती. तिचा बाप ओरडत होता आणि ती पाय काढत नव्हती. एवढंच गाणं आहे: दार उघडं ठेव, मी आलोच, हात धुतले नाहीत अजून, पण आलोच. तीन मात्रांचं, जोडीने गोल फिरत जायचं. आमच्या भागात त्यावाचून लग्न पार पडत नाही. पण नॅशव्हिलला त्यांनी त्यावर व्हायोलिनं आणि बायकांचा कोरस ओतला होता. एर्विन त्याला 'साखरेत पडलेली माशी' म्हणायचा. आता आमच्यातले वाजवणारे एकेक करून चर्चमागे गेले होते, लग्नांत पोरं स्पीकर लावत होती, आणि लावायला चांगली रेकॉर्डच नव्हती. आवाज आहे तोवर तो वॉल्ट्झ एकदा नीट, नाचता येईल असा टेपवर राहावा, एवढं त्याला हवं होतं. बाकी काही नाही.

अशात ऍशर पाइक आला.

ऍशर रॉक संगीताचा निर्माता. ज्या बँडच्या आवाजाने खिडक्या हादरतात अशा बँडच्या रेकॉर्डी त्याने केल्या होत्या, हे मला माझ्या नातीने सांगितलं आणि सांगताना ती खाली बसली. प्रत्यक्षात तो बारीक, हळू बोलणारा माणूस होता. उन्हाळ्यातसुद्धा करडा स्वेटर. लहानपणी बापाच्या ट्रकमध्ये सीटखाली झोपून त्याने एर्विनची गाणी ऐकली होती. बोलताना त्याचे डोळे भरून आले. मी त्याच्यावर संशय घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. त्याचं एर्विनवर खरंच प्रेम होतं. गोष्ट तिथेच अवघड झाली.

ऍग्नेसने त्याला शेवयांचं सूप, सॉसेज आणि कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले आमचे गोड पाव, वाढले. त्याने सगळं खाल्लं, पुन्हा मागून घेतलं. मग तो म्हणाला की लोकांनी एर्विनचा आवाज कधी ऐकलेलाच नाही. नेहमी ड्रम, गिटार, पायांचा गोंगाट यांच्याखाली तो दबला. त्याला फक्त आवाज हवा होता. एर्विनने एकच विचारलं, वॉल्ट्झ असेल ना? ऍशर म्हणाला, वॉल्ट्झ तर सगळ्याचा कणा असेल. एर्विनने मान डोलावली.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याने आपल्या टेबलावर बसून खाल्लं त्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही. पटलं नाही की गप्प व्हायचं, बशी जराशी पुढे सरकवायची, आणि पाहुण्याने समजून विषय बदलायचा. सगळे समजतात. पोरं चालायला लागण्याआधी समजतात. 'पण ड्रम नकोत' असं ऍशर म्हणाला तेव्हा एर्विनने बशी पुढे सरकवली. ऍशरने ती आदराने आणखी जरा पुढे केली, म्हणजे म्हाताऱ्याला हात टेकायला जागा व्हावी.

करारावर सही झाली. त्यात एक कलम होतं: या रेकॉर्डवरची गाणी सात वर्षं दुसरीकडे कुठेही ध्वनिमुद्रित करायची नाहीत. एर्विन तेव्हा एकोणऐंशीचा होता. त्याने ते कलम वाचलं, मलाही वाचून दाखवलं. आम्हाला त्यात गैर काही दिसलं नाही. एकदा नीट झालं की दुसऱ्यांदा कशाला करायचं?

ध्वनिमुद्रण ऑस्टिनजवळच्या टेकडीवर झालं, ऍशरने भाड्याने घेतलेल्या घरात. मला काही काम नव्हतं. 'एडविन सोबत नसेल तर मी गाडी चालवणार नाही' असं एर्विनने सांगितलं होतं; एडविन म्हणजे मी, म्हणून मी होतो. ऍग्नेस होती. त्याचं सगळं गाणं तिने आजवर एकाच पद्धतीने करून घेतलं होतं. स्टुडिओत नाचणारे नसतात, मग पाय कुठून आणायचे? ती बूट काढायची आणि मोज्यांवर, आवाज न करता, कुणातरी रिकाम्या वादकाला धरून माइकसमोर नाचायची. एर्विन तिच्या मोज्यांकडे बघत गायचा. त्याच्या प्रत्येक जुन्या रेकॉर्डमध्ये ते मोजे आहेत, ऐकू येत नाहीत इतकंच.

इथे काचेची खोली होती. कपाटाला काच लावावी एवढी. तिच्यात एर्विन, एक स्टूल, एक माइक, कानांवर हेडफोन. दिवा मंद. काचेच्या अलीकडे आम्ही. ऍग्नेसने बूट काढले आणि हात माझ्यापुढे केला. ऍशर घाईने आला, तिचा हात हातात घेतला आणि फार मृदूपणे म्हणाला की तिच्या हालचालीने एर्विनचं लक्ष विचलित होईल. त्याला एर्विन एकटा हवा होता. "अगदी एकटा," तो म्हणाला. "जणू सगळे निघून गेलेत."

"कुठे गेलेत?" ऍग्नेसने विचारलं. "मी तर इथेच आहे."

तो हसला. तिने बूट घातले, पण नाड्या बांधल्या नाहीत. दिवसभर तशीच बसून राहिली.

काचेतून मला एर्विनची टाच दिसत होती. ती फळी शोधत होती. खाली गालिचा होता.

वॉल्ट्झ त्याने सुरू केला तसा ऍशरने थांबवला. हळू, म्हणाला. पुन्हा थांबवला. आणखी हळू. गिटारही ठेवा. त्या पोराला गाण्यात भलतंच काहीतरी ऐकू येत होतं. दार उघडं ठेव, मी आलोच, म्हणजे त्याला वाटलं मरणाच्या दारात उभा असलेला माणूस पलीकडच्या कुणाशी बोलतोय. एर्विनने हेडफोन काढून समजावलं.

"पोरा, गाय व्यायली होती."

"हो, मिस्टर स्टॅसी."

"म्हणून हात धुतले नव्हते. घाईत होता तो. घाईतला माणूस असा रेंगाळत बोलेल का?"

 ऍशर म्हणाला की तुम्ही हे गाणं केलंत तेव्हा विशीत होता, तुम्हाला ठाऊक नव्हतं ते कशाबद्दल आहे. आता ठाऊक आहे. हे तो इतक्या प्रेमाने बोलला की एर्विन गप्प झाला. आमच्या पद्धतीने गप्प झाला. त्या गप्प होण्यात स्पष्ट नकार होता; मला ऐकू आला, ऍग्नेसला आला. ऍशरने बोट वर करून मागच्या माणसाला खूण केली, टेप चालू ठेव. त्याला ती शांतता आवडली होती. ती रेकॉर्डवर आहे, वॉल्ट्झच्या आधी. नंतर वर्तमानपत्रांनी तिच्याबद्दल लिहिलं की अशी शांतता केवळ वयच देऊ शकतं.

मग तो गायला, त्यांना हवं तसं. प्रत्येक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा. त्याचा आवाज फाटत होता, कारण त्या लयीत श्वास पुरत नव्हता. ऍशर काचेला कपाळ टेकून रडत होता. आणि खरं सांगायचं तर ते सुंदर होतं. मला ते नाकारता येत नाही. एखाद्याला जिवंतपणी पुरताना पुरणारे सुरेख गात असावेत, तसं सुंदर. फक्त इथे गात पुरला जाणाराच होता.

परतताना पिकअपमध्ये ऍग्नेस मध्ये बसली होती.  ती म्हणाली, "यावर कोण नाचेल? मढंसुद्धा म्हणेल, जरा उरका."

एर्विन हसला. त्या उन्हाळ्यातलं ते त्याचं शेवटचं हसू असावं. म्हणाला, बोलतो मी त्याच्याशी. पण ऍशर दर रविवारी फोन करून ऍग्नेसच्या गुडघ्याची चौकशी करायचा, आणि एर्विन त्याला गाईंबद्दल सांगायचा, आणि फोन ठेवायचा.

रेकॉर्ड आली. पाकिटावर त्याचा चेहरा, काळ्यावर, इतका जवळून की सुरकुत्यांत माती दिसते. डोळे मिटलेले. त्या दिवशी उन्हामुळे मिटले होते. खाली पहिल्यांदाच त्याचं पुरतं आडनाव, स्टासनी. अर्थ कुणी विचारला नव्हता, पण काळ्यावर ते भारदस्त दिसत होतं. ऍग्नेसने तो फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला.

"थडग्यावर हाच लावू," ती म्हणाली. "निदान फोटोला पुन्हा बसवायला नको तुला."

रेकॉर्ड खूप चालली. काळ्या कपड्यांतली तरुण पोरं मोठ्या शहरांतून आमच्या कुरणांच्या कडेला गाड्या थांबवून उभी राहायला लागली. एर्विन कुंपण दुरुस्त करताना दिसला की हळू आवाजात बोलायची, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं. एका मुलीने त्याचा हात धरून विचारलं की भीती वाटते का. तो म्हणाला, कशाची, सांडाची? त्याचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला होता. पण हळूहळू मला दिसायला लागलं की लोकांसमोर तो सावकाश उठतो, सावकाश बसतो. दौऱ्यावर त्याला खुर्ची दिलेली असायची आणि वरून एकच दिवा. अंधारात माणसं बसलेली. पाय दिसायचे नाहीत. तोंडंही नाहीत. दिव्याच्या गोलाबाहेर जणू जगच संपत होतं, आणि तो गोल त्याच्या खुर्चीपेक्षा मोठा नव्हता. एकदा शिकागोहून फोन करून त्याने मला विचारलं की शनिवारी हॉलमध्ये कोण वाजवतंय. मी म्हणालो, कुणी नाही, स्पीकर. तो म्हणाला, माझी रेकॉर्ड लावतात का? मी म्हणालो, चांगली आहे असं सगळे म्हणतात. तिकडे तो गप्प झाला. मी समजलो आणि विषय बदलला.

कारण हॉलमध्ये ती लावून पाहिली होती. कुबाला घराण्यातल्या लग्नात. नवरानवरी मधोमध येऊन उभी राहिली, एकमेकांना धरलं, आणि पाऊल कुठे टाकायचं ते त्यांना कळेना. दोन मात्रांच्या मध्ये माणूस पडेल एवढी जागा होती. पोरगी हसायला लागली, मग रडायला. कुणीतरी तबकडी काढली आणि नॅशव्हिलची जुनी लावली, व्हायोलिनांसकट. एर्विनला हे आम्ही सांगितलं नाही. त्याला कळलंच असणार. आमच्याकडे जे सांगत नाहीत तेच आधी कळतं.

मग रेकॉर्डच्या कंपनीने ठरवलं की दौऱ्याचा शेवट आमच्या हॉलमध्ये करायचा, त्याचं चित्रण करायचं, ध्वनिमुद्रण करायचं. एर्विनने लगेच होकार दिला. वाढदिवसाच्या पोरासारखा उत्साह आला त्याला. तो मला म्हणाला, एडविन, करार त्यांच्याकडेच आहे ना? मग त्यांच्याच टेपवर होईल. हॉल आपला, माणसं आपली. लोक नाचायला लागले की तो पोरगा तरी काय करणार? आपोआप लय येईल. मी विचारलं, माझे ड्रम? तो म्हणाला, तू भिंतीशी उभा राहा, मला पाय पुरेत.

त्या दिवशी सकाळी मीच पीठ टाकलं. दुपारी एर्विन आला, दारात उभा राहिला आणि आत आला नाही.

नाचायच्या जागेवर खुर्च्या होत्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत, रांगा करून, पाठींना नंबर चिकटवून. मध्ये एक चिंचोळी वाट. मी त्या जागेला सत्तर वर्षं ओळखतो आणि ती मला ओळखू आली नाही. एर्विनने मला हळूच विचारलं, "पीठ टाकलं होतंस का?"

"टाकलं होतं. त्यांनी पुसून काढलं. खुर्च्या घसरत होत्या."

ऍशर आला, त्याने एर्विनच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, कसं वाटतंय इथे परत येऊन. एर्विन उत्तर देईना. ऍशर समजल्यासारखी मान हलवून त्याला एकटं सोडून गेला.

संध्याकाळी शहरातली माणसं येऊन खुर्च्यांवर बसली. आमच्या माणसांसाठी पुढच्या दोन रांगा राखल्या होत्या, फुकट. आमच्यातलं कुणी बसलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं. येणारा येत होता, हॅट काढत होता आणि भिंतीशी जाऊन उभा राहत होता. कंपनीची, कानावर बोलायचं यंत्र लावलेली एक मुलगी धावत ऍग्नेसकडे आली आणि पहिल्या रांगेतली तिची खुर्ची दाखवली. ऍग्नेस काठीवर रेलून म्हणाली, "नाचायच्या जागेवर बसणं बरं दिसत नाही, पोरी." आणि दाराजवळ, माझ्या शेजारी उभी राहिली.

एर्विन गायला. सगळं रेकॉर्डवर आहे तसंच, गिटार नुसती गळ्यात. फरक एवढाच की ऍशर स्वतः बाजूला छोट्या ऑर्गनवर एकेक सूर लांबवत होता. मी खुर्च्यांखाली पाहत होतो, एर्विन पाहत असणार तिथेच. पाय होते, शेकडो. घोट्यावर घोटा टाकलेले, मागे ओढून घेतलेले, स्थिर. गोठ्यात बांधलेल्या जनावरांचे पाय तरी हलतात.

शेवटी वॉल्ट्झ. पहिलं कडवं त्याने तसंच ओढत म्हटलं. दुसऱ्याला मी त्याची टाच पाहिली. ती खुर्चीच्या पायामागून पुढे आली आणि फळीवर दाबली गेली. एकदा. पुन्हा. माझी बोटं आपोआप भिंतीच्या लाकडावर वाजायला लागली. तो उभा राहिला. खुर्चीतून सरळ, तरणा उठतो तसा, आणि गाणं धावायला लागलं. ऍशरने वर पाहिलं, त्याचा सूर तिथेच अडून राहिला, आणि क्षणभर हॉलमध्ये दोन लयी एकमेकींना धक्के देत होत्या. मग रूडी कुबालाने बायकोला धरलं आणि भिंत आणि खुर्च्या यांच्यामधल्या बोळात, जिथे एकाला चालायला जागा नव्हती तिथे, ती दोघं फिरायला लागली. त्यांच्यामागे आणखी एक जोडपं. ऍग्नेसने काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा माझ्यापुढे केला. आम्ही अर्धा फेरा घेतला असेल. मी एर्विनकडे पाहिलं. तो आमच्या बुटांकडे बघत होता. काचेच्या खोलीपासून त्या दिवसापर्यंत त्याचा चेहरा मी इतका उघडा पाहिला नव्हता.

ती मुलगी वाकून वाकून आली. ओठांवर बोट ठेवून, आर्जवी हसत. तिने आधी रूडीच्या बाहीला हात लावला, मग ऍग्नेसच्या खांद्याला. कुजबुजली, "आजी, माफ करा हं. पावलांचा आवाज टेपवर येतोय."

ती पाहुणी होती. आमच्या हॉलमध्ये आली होती, दुपारी तिने ऍग्नेसच्या हातचा कोलाच खाल्ला होता. रूडी थांबला. त्याची बायको थांबली. ऍग्नेसचा हात माझ्या हातात होता आणि तो जड झाला. आम्ही सगळे थांबलो.  आम्हीच थांबलो, कुणी आम्हाला धरलं नव्हतं.

एर्विनने आमचे पाय थांबलेले पाहिले. तो ओळीच्या मध्ये होता, 'दार उघडं'पाशी. पुढचा शब्द आला नाही. ऍशरचा सूर तेवढा लांबत राहिला.

त्याने गिटार गळ्यातून काढली आणि खुर्चीवर ठेवली, बसवल्यासारखी. हॅट नीट केली. पायऱ्या उतरून तो खुर्च्यांमधल्या चिंचोळ्या वाटेने यायला लागला, झपाझप, गाय अडलेल्या माणसासारखा. खुर्च्यांवरची माणसं त्याला वाट देत उठायला लागली, रांगेमागून रांग, आणि टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं शेवट असाच आहे. काही जण रडत होते. कॅमेरा घेतलेला माणूस त्याच्यापुढे उलटा चालत होता.

ऍग्नेसने माझा हात सोडला, दार ढकललं आणि त्यात पाय घालून उभी राहिली. एर्विन तिच्याजवळून, माझ्याजवळून, कुणाकडे न बघता बाहेर निघून गेला.